‘हटके मुंबई’त आपली मुंबई कुठे आहे?

मुंबईतल्या ‘हटके’, ‘फारशा माहीत नसलेल्या’ जागांच्या याद्या आपण सगळेच मोबाईलवर वाचतो. बाणगंगा, खोताची वाडी, फोर्टातले इराणी कॅफे. जागा छानच आहेत, आमचं त्यांच्याशी भांडण नाही. आमचा प्रश्न एवढाच की या याद्यांमध्ये परळची बीआयटी चाळ का नसते?

या चाळीतल्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत बाबासाहेब १९१२ ते १९३४ राहिले. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, पुणे करार हे सगळं घडलं तेव्हा त्यांचा पत्ता हाच होता. शाहू महाराज त्यांना भेटायला याच चाळीचे जिने चढले. इतिहासाला यापेक्षा आणखी काय लागतं?

चर्नी रोडच्या बागेचंही तसंच. शाळकरी भीमराव तिथे वाचत बसायचे आणि तिथेच त्यांची कृ. अ. केळुस्करांशी ओळख झाली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर केळुस्करांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. त्यानंतर ४९ वर्षांनी नागपूरला दीक्षा झाली. परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ ला सभा भरली, तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. वडाळ्याचं सिद्धार्थ विहार वसतिगृह पँथरच्या पोरांचा अड्डा होतं. या सगळ्या जागा लोकलच्या एका दिवसाच्या तिकिटात बघून होतात.

याद्या करणाऱ्यांना जात दिसत नाही, म्हणून आपल्या जागाही दिसत नाहीत, हे खरं. पण मित्रहो, बोट आपल्याकडेही वळवू या. ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर जातो, राजगृह बघतो. ७ डिसेंबरला काय? आपल्यातल्या किती जणांनी आपल्या मुलांना बीआयटी चाळ दाखवली?

२०१६ च्या जूनमध्ये पहाटेच्या अंधारात दादरचं आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस पाडली गेली. त्यानंतर हजारो लोक रस्त्यावर उतरले, आम्हीही उतरलो. पण पाडापाडीच्या आधी त्या प्रेसची पायरी आमच्यापैकी किती जण चढले होते? जिथे रोज माणसांची ये-जा असते, तिथे बुलडोझर आणण्याआधी शंभरदा विचार करावा लागतो. जिथे कुणी फिरकत नाही, ती जागा कागदावर ‘मोडकळीस आलेली इमारत’ एवढीच उरते. आज परळ-नायगावच्या जुन्या इमारतींमागे पुनर्विकास हात धुऊन लागला आहे. म्हणून हा प्रश्न सहलीचा नाही, ताब्याचा आहे. आठवणीवर ताबा कुणाचा?

कुणी म्हणेल, ही नवी तीर्थयात्राच झाली. नाही. तीर्थाला माणूस मागायला जातो, इथे समजून घ्यायला जायचं. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेतच दिला होता. त्यामुळे नारळ-हार नको, वही न्या. चाळी ही लोकांची घरं असतात, कुणाच्या दारात सेल्फी काढत उभं राहू नका. म्हातारं माणूस भेटलं तर दोन गोष्टी विचारा, लिहून घ्या.

येत्या रविवारी वस्तीतली दहा पोरं घेऊन निघा. सुरुवात चर्नी रोडपासून करा. दुसऱ्यांच्या यादीत जागा मागत बसण्यापेक्षा आपली यादी आपण करू.

जय भीम!