पाळणे किती आणि हात किती?

दिवाळीच्या चार दिवसांत घरातले तान्हे मूल जमिनीला टेकत नाही. आत्याच्या कडेवरून मामीच्या मांडीवर, तिथून आजोबांच्या खांद्यावर असा त्याचा प्रवास अखंड चालू असतो. ते कोण सांभाळते, हे कुणी विचारीत नाही. कारण घरात माणसे इतकी असतात की हात मोजण्याची वेळच येत नाही. मग भाऊबीज होते, पाहुणे पांगतात, आणि सोमवारी आईवडील आपापल्या कामाला लागले की तेच मूल पाळणाघराच्या दारात येते. हात मोजायला हवेत ते त्या दारात. आणि नेमके तिथेच आपण ते मोजीत नाही.

आपण भिंतीवरचे हत्ती-ससे पाहतो. सतरंजी धुतलेली आहे का, फी किती, घरापासून किती लांब, हे पाहतो. हल्ली कॅमेरा आहे की नाही हेही पाहतो. २०१६ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने केलेली मारहाण कॅमेऱ्यात सापडली, तेव्हापासून कॅमेऱ्याची चौकशी जास्त होऊ लागली. ती व्हावीच. पण कॅमेरा फक्त पाहतो. तो मूल उचलून घेत नाही. मारणारी बाई हजारांत एखादी असेल. न मारणारी, प्रेमळ, पण एकटीच पडलेली बाई मात्र घरोघरच्या अनुभवाची आहे, आणि तिच्याविषयी कुठे बातमी येत नाही.

आमची एक पुतणी पुण्यात बँकेत नोकरीला आहे. तिचा मुलगा चौदा महिन्यांचा. घराजवळच्या पाळणाघरात एकोणीस मुले आणि तीन बाया होत्या. शिवाय चालिका स्वतः. त्यांतली एक बाई जास्त पगार मिळतो म्हणून इस्पितळात आयाच्या कामाला गेली. दुसरी लेकीच्या बाळंतपणासाठी गावी गेली. राहिली एक. चालिकाबाईंनी पालकांना काही सांगितले नाही. त्यांना वाटले, आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न! आठाचे चाळीस दिवस झाले.

पुतणीच्या लक्षात आले ते असे : मूल घरी येई ते सकाळचाच डायपर लावलेले, भुकेने वखवखलेले. तेही चालले असते. पण शेजारच्या काकू एके दिवशी कौतुकाने म्हणाल्या, "तुझा मुलगा शहाणा झाला हं! हल्ली रडत नाही." आणि पुतणीच्या पोटात धस्स झाले. मूल शहाणे झाले नव्हते. रडले तरी कुणी येत नाही, एवढेच ते शिकले होते.

अशा वेळी घरात जे होते ते झाले. नवरा म्हणाला, उद्याच जाऊन चांगले सुनावतो. सासूबाई फोनवरून म्हणाल्या, मूल काढून घ्या. माहेरून सल्ला आला तो नोकरी सोडण्याचा. हा सल्ला मुलाच्या वडिलांना कुणी दिला नाही, हे सांगायला नकोच. पुतणीने ह्यांतले काहीच केले नाही. तिने आणखी चार आयांना गाठले, आणि शनिवारी दुपारी पाचही जणी चालिकाबाईंकडे गेल्या. भांडायला नव्हे, हिशेब करायला. मुले किती, त्यांतली न चालणारी किती, बायांना पगार काय, फीमधून भाडे जाऊन उरते काय, असे सगळे कागदावर मांडले. तेव्हा दिसले की, दिलेल्या पगारात दुसरी बाई मिळणे शक्यच नव्हते. घरकामाला त्याहून जास्त मिळत होते.

शेवटी असे ठरले की, दर मुलामागे फी चारशे रुपयांनी वाढवावी आणि ती वाढ बायांच्या पगारातच जावी. नवी बाई मिळेपर्यंत नवे मूल घेऊ नये. आणि एखादी बाई आली नाही, तर सकाळीच सर्वांना निरोप द्यावा, म्हणजे ज्यांना जमेल ते मूल घरी ठेवतील. व्यवस्था चांगली झाली. परंतु एका आईला चारशे रुपये झेपणारे नव्हते. ती एका दुकानात काम करी. तिने मूल काढून घेतले आणि सातवीतल्या मोठ्या मुलीच्या हाती दिले. पाच आयांनी मिळून सोडवलेल्या प्रश्नाची ही सहावी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आता कायदा काय सांगतो तेही पाहू. जिथे पन्नास किंवा त्याहून अधिक माणसे कामाला आहेत, तिथे मालकाने पाळणाघराची सोय केली पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ दिले पाहिजे, अशी तरतूद प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने केली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम ठेवली आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अशा पाळणाघरांसाठी मार्गदर्शक नियम काढले. त्यांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि त्यावरच्या वीस मुलांमागे एक सेविका, जोडीला मदतनीस, असे प्रमाण दिले आहे. दहा तान्ह्यांमागे एक हा काही चैनीचा हिशेब नव्हे. ज्या घरात जुळी झाली आहेत, त्या घरच्या आजीला विचारा! पण गल्लीबोळांतून, कुणाच्या तरी दोन खोल्यांत चालणाऱ्या पाळणाघरांत एवढेही पाळले जात नाही, आणि आपणही ते विचारीत नाही.

पुतणीची नवी बाई मिळेपर्यंत दोन महिने गेले. ते निभावले ते तिच्या सासूबाईंनी. ह्या आमच्या विहीणबाई डिंगोऱ्याच्या. जुन्नर तालुक्यात ओतूरहून माळशेज घाटाकडे निघाले की उदापूरच्या अंगाला डिंगोरे लागते. त्या पुण्याला आल्या आणि इकडचा पाळणा हलू लागला. पण तिकडचा थांबला. कारण डिंगोऱ्याला त्यांची थोरली सून आहे, तिलाही दोन वर्षांची मुलगी आहे, आणि त्याच वेळी कांद्याची लागण चालू होती.

लागणीच्या दिवसांत त्या भागातल्या बाईला उसंत नसते. दिवस उजाडता वाकायचे ते मावळता सरळ व्हायचे. पूर्वी बांधावरच्या झाडाला झोळी टांगून मूल निजवीत. आता ती सोय भीतीची झाली आहे. जुन्नर तालुक्यातल्या उसाच्या फडात बिबट्याने बिऱ्हाड केले त्याला पंचवीस वर्षे होत आली, आणि ह्या पट्ट्यात लहान मुले त्याला बळीही पडली आहेत. तेव्हा शेतावर मूल न्यायचे नाही. मग ठेवायचे कुणाजवळ?

"अंगणवाडी आहे की!" असे शहरातला माणूस चटकन म्हणतो. आहे, गावोगाव आहे. महाराष्ट्रात लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. पण अंगणवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे. तिथे तीन ते सहा वर्षांची मुले सकाळचे काही तास बसतात. तीन वर्षांखालच्या मुलाचे वजन होते, लस टोचली जाते, शिधा घरी मिळतो. दिवसभर त्याला सांभाळणारे कुणी नसते. साधारण चारशे ते आठशे वस्तीमागे एक अंगणवाडी, आणि तिच्यात दोन बाया : एक सेविका, एक मदतनीस. मुलांना शिकवणे, आहार देणे, वजने घेणे, गर्भवतींच्या घरी जाणे, नोंदी आधी वहीत आणि आता मोबाईलवर करणे, पोलिओची मोहीम, घरोघरची पाहणी हे सारे त्या दोघींचे. २०२४ च्या पावसाळ्यात 'लाडकी बहीण' योजनेचे अर्जही त्यांनीच भरून घेतले. दोघींतली एक आजारी पडली किंवा एक जागा रिकामी राहिली, म्हणजे बारा भानगडी आणि एक बाई.

ह्या बायांना जे मिळते त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मोठा सोयीचा शब्द आहे! २०१८ पासून केंद्राने सेविकेचे मानधन दरमहा साडेचार हजार आणि मदतनिसाचे सव्वादोन हजार ठरवले. त्यावर राज्य आपली भर घालते. ग्रॅच्युइटी ह्या बायांना लागू आहे, हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका-मदतनिसांनी संप केला. तो बावन्न दिवस चालला. बावन्न दिवस! गिरणीचा भोंगा इतके दिवस बंद राहिला असता, तर शहराला कळले असते. अंगणवाडी बंद आहे हे कळले ते फक्त आयांना, मुलांना आणि घरातल्या आज्यांना. पुढे २०२४ मध्ये राज्याने आपली भर वाढवली. पण 'मानधन' हा शब्द जागचा हलला नाही. ज्या कामाला आपण काम म्हणत नाही, त्या कामाला माणसे कमीच पडणार.

हे सारे कुणाला सुचले नव्हते असे नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. १९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथे वारल्यांच्या मुली शाळेत येत नसत. का, तर धाकटे भावंड कडेवर! ताराबाईंनी मुलींना उपदेश केला नाही. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा शेजारी शेजारी आणली व तिला विकासवाडी म्हटले. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. पाळणाघरात हात कमी पडले की त्याची किंमत कोण देते, हे त्या बाईने साठ-पासष्ट वर्षांपूर्वी पाहून ठेवले होते.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना निघाली. सरकारने अंगणवाडी हे नाव घेतले, पण तिला जोडलेला पाळणा मागेच राहिला. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची 'पाळणा' योजना आली ती २०२२ मध्ये. तिच्यात पंचवीस मुलांमागे एक सेविका, एक मदतनीस असे धरले आहे. असे पाळणे गावोगाव पोचले, तर डिंगोऱ्यासारख्या गावी लागणीच्या दिवसांत ते सोन्याच्या मोलाचे होतील.

तोवर मात्र हिशेब जुनाच आहे. पाळणाघरातला कमी पडलेला हात कधी रिकामा राहत नाही. कुणीतरी तो भरून काढतेच. पुण्यातल्या त्या दुकानात जाणाऱ्या आईसाठी तो सातवीतल्या मुलीने भरला. आमच्या पुतणीसाठी विहीणबाईंनी भरला. त्या आता एक महिना इकडे, एक महिना तिकडे अशा वाटून गेल्या आहेत. गुडघे दुखतात, पण विचारले तर म्हणतात, "मी काय यष्टी हाये का, येळेवर सोडायला नि येळेवर पोचायला?" आणि तेवढे बोलून पुन्हा पिशवी भरतात.

म्हणून वाचक भगिनींना, आणि त्यांच्या यजमानांनाही, सांगणे एवढेच. पाळणाघर निवडताना सकाळी दहाला जाऊ नका. तेव्हा सगळी पाळणाघरे गोजिरवाणी असतात. दुपारी एकला जेवणाच्या वेळी जा, नाहीतर संध्याकाळी सहाला. न चालणारी मुले किती आणि बाया किती, हे स्वतः मोजा. स्वयंपाक करणारी व फोन घेणारी त्यांत धरू नका. एखादी बाई आली नाही, तर तिच्या जागी कोण, हे विचारा आणि नाव ऐकल्याशिवाय उठू नका. बायांना काय मिळते तेही विचारा. ते विचारणे असभ्यपणाचे नाही. आपल्या कचेरीत पन्नास माणसे असतील, तर पाळणाघराचे काय झाले, हा प्रश्न एकट्या बाईने नव्हे, तिच्या नवऱ्यानेही आपल्या कचेरीत विचारावा. अंगात ताप असलेले मूल औषध पाजून पाठवू नका. साडेसहाची वेळ असेल, तर सातला जाऊ नका. तो अर्धा तास त्या बाईच्या घरच्या चुलीचा असतो. आणि तक्रार करायची तेव्हा चारजणींनी मिळून करा. एकटीची तक्रार म्हणजे भांडण. चौघींचा होतो तो विचार.

दिवाळीत पाळणाघरातल्या बाईला आपण फराळ देतो, एखादे लुगडे किंवा साडी देतो. अवश्य द्यावी. पण ताट हातात देताना एक प्रश्नही विचारावा : "बाई, उद्या तुमच्या जोडीला कोण आहे?"