पहिल्या श्रवणाचे पोवाडे

इंग्लंडांतील 'जेंटल जायंट' नांवाचा गायक-वादकांचा संच १९७० सालीं उभा राहिला आणि १९८० सालीं मोडला. या दहा वर्षांत त्यानें अकरा ध्वनिमुद्रिका दिल्या. त्यानंतर ही मंडळी त्या नांवानें पुन्हा रंगमंचावर आली नाहींत. तरीहि त्यांच्या चाहत्यांचा मेळावा अजून मोडलेला नाहीं, ही गोष्ट आम्हांस कौतुकाचीच वाटते. परंतु या मेळाव्यांत जाऊन बसणारास एक चमत्कारिक अनुभव येतो. तेथें संगीताविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं; तें संगीत आपणांस प्रथम कसें सांपडलें, याविषयींच सारे बोलत असतात. कोणास तें थोरल्या भावाच्या खोलीच्या दारापलीकडून ऐकूं आलें. कोणी दुकानांत दुसरेंच कांहीं घ्यावयास गेला असतां, एका अजस्र राक्षसानें वादकांना आपल्या तळहातांवर तोलून धरलें आहे असें वेष्टणावरील चित्र पाहून खिशांतले सारे पैसे देऊन बसला. कोणास शाळासोबत्यानें तबकडी एका रात्रीच्या बोलीनें उसनी दिली. पुढें कथा सर्वांची एकच. सुई टेकली, वीज कडाडली आणि आयुष्य पालटलें. येथें निवेदक थांबतो, डोळे पुसतो, आणि पुढच्याची पाळी येते.

तारुण्यांतील पहिल्या ओढीची आठवण कोणास प्रिय नसते? ती सांगण्यास आमची हरकत नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. ज्या संगीताच्या नांवानें हे पोवाडे गायिले जातात, त्या संगीताविषयीं ते खोटें सांगतात. आणि या खोट्याची झळ सांगणारांस न लागतां मागून येणारांस लागते. हा दोष केवळ साहेबांच्या मुलखांतला आहे असें मात्र कोणी समजूं नये. बालगंधर्वांच्या आठवणी सांगणारांनीं आपल्याकडे शालूंचीं, अत्तरांचीं आणि पहांटेपर्यंत रंगलेल्या खेळांचीं वर्णनें पुष्कळ केलीं. त्या मानानें त्यांची तान कोठून निघे व कोठें विसावे हें सांगणारे थोडेच निघाले. असो.

या मंडळींचा थोडा इतिहास येथें सांगणें अवश्य आहे. फिल, डेरेक व रे हे तिघे शुलमन बंधु पूर्वी 'सायमन डुप्री अँड द बिग साउंड' या संचांत होते, आणि त्या संचाचें 'काइट्स' हें गाणें १९६७ च्या अखेरीस इंग्लंडांत खपाच्या पहिल्या दहांत पोंचलें होतें. अशा हाताशीं आलेल्या लोकप्रियतेकडे पाठ फिरवून त्यांनीं नवा संसार थाटला. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्यें शिकलेला केरी मिनिअर त्यांस येऊन मिळाला. ब्लूजच्या वळणाचा गॅरी ग्रीन गिटारीवर आला. यांतील जवळजवळ प्रत्येकास दोन-चार वाद्यें येत. मिनिअर पेटीवरून उठून व्हायब्राफोन किंवा चेलो घेई, रे आपली बेस गिटार ठेवून व्हायोलिन उचली, आणि रंगमंचावर मध्येंच सारे जण रेकॉर्डर नांवाच्या लांकडी बांसऱ्या घेऊन उभे राहत. १९७१ सालीं निघालेल्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टणावर त्यांनीं जाहीरच करून टाकलें कीं, लोकप्रिय संगीताची शींव पुढें सरकविण्यासाठीं अप्रिय होण्याचा धोका आपण पत्करीत आहों. त्या ध्वनिमुद्रिकेचें नांव 'अक्वायरिंग द टेस्ट', म्हणजे रुचि कमावणें. रुचि आकाशांतून अंगावर कोसळते असें या लोकांनीं कोठेंहि म्हटलेलें नाहीं.

आतां त्यांचें गाणें घ्या. १९७५ च्या 'फ्री हँड' या ध्वनिमुद्रिकेंत 'ऑन रिफ्लेक्शन' नांवाची एक रचना आहे. प्रारंभीं एकच आवाज चाल मांडतो. तो ती पुढें नेत असतां दुसरा आवाज तीच चाल पहिल्यापासून धरतो. मग तिसरा येतो, मग चौथा. युरोपांत जिला फ्यूग म्हणतात ती ही रीत, आणि ती मूळची प्रार्थनामंदिरांतली व दरबारांतली. ढोल-गिटारीच्या गाण्यांत तिला असें घर करून देणारे फार थोडे. चारहि चाली एकाच वेळीं चालतात आणि त्यांत कोणी कोणाचा साथीदार नसतो. एक गायक व बाकीचे त्याच्या मागें, असें ऐकण्याची ज्यांच्या कानांस संवय, त्यांस हा प्रकार प्रथम गलबल्यासारखा वाटावा यांत नवल काय? पहिल्या खेपेस सर्वांत ठळक आवाज तेवढा हातीं लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस त्याच्या खालचा आवाज सुटा होतो. चौथा आवाज कधीं कधीं आठवड्यानें भेटतो. आणि तो भेटला म्हणजे आधींचे तीन निराळेच ऐकूं येऊं लागतात. पुढें हीच चाल वाद्यें उचलतात, तेव्हां ती ओळखूं येण्याचा जो आनंद आहे तो आधीं कष्ट केलेल्यालाच मिळतो.

किंवा १९७२ च्या 'ऑक्टोपस'मधील 'नॉट्स' घ्या. आर. डी. लैंग या मानसोपचारतज्ज्ञानें माणसांच्या परस्परसंबंधांत पडणाऱ्या गांठींवर याच नांवाचें एक छोटें पुस्तक लिहिलें होतें. त्यावरून हें गाणें सुचलें. येथें आवाज तुटक तुटक शब्द घेऊन एकमेकांच्या मधून वाट काढतात, त्यामुळें वाक्य कोणा एकाच्या तोंडीं पुरें होत नाहीं. तें ऐकणारानें आपल्या कानांत गुंफावयाचें असतें. गांठीविषयीं गाणें न गातां गाण्याचीच गांठ मारावी, ही कल्पना आम्हांस फार मोठी वाटते. १९७३ च्या 'इन अ ग्लास हाऊस'चा आरंभ कांचा फुटण्याच्या आवाजानें होतो, आणि पाहतां पाहतां तो आवाज ठेक्यांत बांधला जाऊन त्याच्यावर गाणें उभें राहतें. आमच्या स्मरणवीरांनीं यांतील एखादी तरी गोष्ट त्या वीज कोसळण्याच्या कथेंत सांगितली असती, तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें.

यावरून वाचकांच्या ध्यानीं येईल कीं, हें संगीत पहिल्या श्रवणांत वश होणाऱ्या जातीचें नाहीं. तें वश झालें असें जे सांगतात, त्यांतील बहुतेकांनीं अनेक संध्याकाळींचें श्रम एका क्षणांत कोंबलेले असतात. खरी हकीकत बहुधा अशी असणार: तबकडी आणली, लावली, कपाळाला आंठ्या पडल्या, पैसे गेले म्हणून हळहळ वाटली, दुसरी तबकडी घेण्याची ऐपत नाहीं म्हणून पुन्हा हीच लावली, आणि असें करतां करतां एके दिवशीं आपण तिच्याबरोबर गुणगुणत आहों असें आढळलें. ही हकीकत वीज कोसळण्याच्या कथेहून कितीतरी सुंदर आहे. परंतु ती सांगितली तर आपण जन्मतःच निवडलेले रसिक ठरत नाहीं, अडखळत शिकलेले विद्यार्थी ठरतों. आणि तें आमच्या या मित्रांस पुरवत नाहीं.

पण याचा परिणाम पाहा. अठरा वर्षांचा एखादा मुलगा या थोरांच्या तोंडून विजेची कथा ऐकतो, कुतूहलानें तेंच गाणें लावतो, आणि त्याच्यावर कांहींच कोसळत नाहीं. तो काय समजेल? आपला कान हलका आहे, किंवा हे म्हातारे थापा मारतात, यांपैकीं एक. दोन्ही परींनीं गाणें बंद होतें. 'प्रथम मलाहि कांहीं कळलें नव्हतें. तिसरा आवाज धरून बघ,' एवढें एक वाक्य त्याला कोणी सांगितलें असतें तर तो राहिला असता. तें सांगावयाचें सोडून त्याच्यापुढें आपल्या धन्यतेचा देखावा मांडणें, याला रसिकता म्हणावें कीं राखणदारी?

या मंडळींचा दुसरा आवडता मुद्दा टंचाईचा आहे. त्या काळीं गाणें मिळवावें लागे, आतां तें बोट टेकतांच मिळतें, म्हणून आतां कोणास कशाचाच शोध लागत नाहीं, असें ते म्हणतात. 'इन अ ग्लास हाऊस' ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेंत त्या वेळीं प्रसिद्ध झालीच नाहीं. तेथील चाहत्यांस ती परदेशांतून आलेली, चढ्या किमतीची घ्यावी लागली, हें खरें आहे. तथापि दुष्काळांत खाल्लेली भाकरी गोड लागली म्हणून पुढच्या पिढीसाठीं दुष्काळ मागावयाचा नसतो. टंचाईच्या पोटीं एक गोष्ट मात्र मोलाची होती, आणि ती आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. घरांत सहाच तबकड्या असल्या म्हणजे त्या सहाच पुन्हा पुन्हा लागतात. 'ऑक्टोपस' सारी मिळून चौतीस मिनिटांची. ती एका संध्याकाळीं दोनदां ऐकणें कोणासहि जड नव्हतें. कान तयार केले ते या उजळणीनें, आणि उजळणीला दुर्मिळता लागत नाहीं. ती आजहि ज्याला करावयाची त्याला करतां येते. उलट त्या काळींहि तबकड्यांचे ढीग जमवून त्यांतली एकहि नीट न ऐकणारे संग्राहक होतेच.

आणि शोध लागणें थांबलें आहे हें तरी खरें आहे काय? २०२३ सालीं ट्रॅव्हिस स्कॉट या अमेरिकन रॅप-गायकाची 'युटोपिया' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या पहिल्याच गाण्याचा, 'हायना'चा, आरंभ जेंटल जायंटच्या 'प्रॉक्लमेशन' या १९७४ च्या गाण्यांतील आवाजानें होतो. ज्यांनीं हें नांवहि ऐकलें नव्हतें अशा असंख्य तरुणांच्या कानीं तो आवाज पडला, आणि त्यांतील कांहीं हा कोण गातो आहे म्हणून विचारपूस करीत मूळ गाण्यापर्यंत आले. भावाच्या दारापलीकडून ऐकूं येणें आणि परक्या गाण्याच्या दारापलीकडून ऐकूं येणें, यांत तत्त्वतः काय भेद आहे? तरीहि या पाहुण्यांकडे पाहून नाक मुरडणारे जुने चाहते आहेतच. वाट आमची नव्हे, तेव्हां ही यात्रा खरी नव्हे, असा हा न्याय!

यांत आणखी एक गंमत आहे. 'प्रॉक्लमेशन' हें 'द पॉवर अँड द ग्लोरी' या ध्वनिमुद्रिकेंतील पहिलें गाणें. अमेरिकेंत निक्सन यांना ज्या वर्षीं अध्यक्षपद सोडावें लागलें त्याच वर्षाची ती. सारें ठीक करीन असें सांगत एक मनुष्य सत्तेवर येतो आणि सत्ताच त्याला गिळते, हा तिचा विषय. आरंभींच्या घोषणेची चाल शेवटच्या गाण्यांत पुन्हा येते, पण तेथें ती कर्कश झालेली असते. बोलणारा तोच, आश्वासनें तींच, फक्त गोडवा गेलेला. ही रचना कोणत्याहि देशांत, कोणत्याहि निवडणुकीच्या हंगामांत ऐकावी अशी आहे. परंतु स्मरणरंजनाच्या बैठकींत तिचा अर्थ कोणी काढीत नाहीं; ती कोणत्या दुकानांत घेतली एवढेंच निघतें. १९७२ च्या 'थ्री फ्रेंड्स'ची तर याहून मौज. तीन शाळासोबती मोठेपणीं तीन निरनिराळ्या थरांत जाऊन पडतात, एक रस्त्यावरचा मजूर, एक चित्रकार, एक कचेरींतला बडा नोकर, आणि त्यांचा एकमेकांशीं धागा उरत नाहीं, अशी ती कथा. शाळेंतल्या मित्रानें तबकडी दिली म्हणून गहिंवरणारांनीं तो मित्र पुढें कोठें गेला हें विचारावें, अशी सोय या संचानें विशी-तिशींतच करून ठेवली होती.

उत्तरकालीन ध्वनिमुद्रिकांविषयीं थोडक्यांत. १९७७ च्या 'द मिसिंग पीस'पासून त्यांनीं आपलें गाणें सोपें करण्याचा यत्न केला, आणि १९७८ ची 'जायंट फॉर अ डे' आमच्याहि मतें सामान्य आहे. पण ती सामान्य कां, तर तिच्यांतील चाली दुबळ्या आहेत म्हणून. 'त्यांनीं आम्हांस दगा दिला' हें त्याचें कारण नव्हे. पोट भरण्यासाठीं वाट बदलूं पाहणाऱ्या कलावंतावर फितुरीचा आरोप ठेवणें हें त्याच्या तारुण्यावर आपली मालकी सांगण्यासारखें आहे. खुद्द त्या लोकांनीं आपल्या भूतकाळाची समाधि बांधली नाहीं. डेरेक ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायांत शिरला आणि त्यानें नव्या संचांस पुढें आणलें. रे यानें आइसलंडच्या 'शुगरक्यूब्ज'च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेची निर्मिति केली, आणि ती १९८८ सालीं निघाली. जुन्या चाहत्यांपैकीं कितीजणांनीं ती ऐकली असेल, हा प्रश्न आम्ही त्यांच्यावरच सोंपवितों.

रे शुलमन २०२३ सालीं वारला. जुन्या ध्वनिफितींवरून स्टीव्हन विल्सन यानें 'द पॉवर अँड द ग्लोरी' २०१४ सालीं आणि 'फ्री हँड' २०२१ सालीं नव्यानें जुळवून दिली आहे. पूर्वी एकमेकांत बुजलेले आवाज त्यांत अधिक सुटे ऐकूं येतात, तेव्हां नवख्याला हीं मुद्रणें अधिक सोयीचीं. ज्या गृहस्थांच्या घरीं हें गाणें पन्नास वर्षें वाजत आलें आहे, त्यांनीं पुढच्या खेपेस घरच्या मुलामुलींना बोलावून आपली हकीकत जरा मागें ठेवावी आणि 'फ्री हँड'मधील दुसरें गाणें लावावें. प्रथम नुसतें ऐकूं द्यावें. तें आवडलें नाहीं असें पोरें म्हणाल्यास रागावूं नये. पुन्हा लावावें, आणि दुसरा आवाज शिरतो तेथें बोट वर करावें, तिसरा येतो तेथें पुन्हा करावें. चौथ्याला करूं नये. तो त्यांचा त्यांना सांपडूं द्यावा.