मन्सा मुसाचे सोने आणि आपला पगार



दर काही महिन्यांनी कोणीतरी ती यादी पाठवतेच: जगाच्या इतिहासातील सर्वांत श्रीमंत माणसे. पहिल्या क्रमांकावर मालीचा राजा मन्सा मुसा, संपत्ती चारशे अब्ज डॉलर. २०१२ साली एका संकेतस्थळाने हा आकडा दिला आणि तेव्हापासून तो फिरतो आहे. मोजमापे करण्यातच ज्याची नोकरी गेली त्या माझ्यासारख्याला असा आकडा पाहून त्रास होतो. चौदाव्या शतकातल्या राजाच्या खजिन्याचा हिशेब उरलेला नाही, आणि उरला असता तरी तो आजच्या डॉलरमध्ये मांडायची विश्वासार्ह रीत नाही.

असो. माहीत आहे ते असे. मुसा १३१२च्या सुमारास गादीवर आला आणि १३३७च्या आसपास वारला. १३२४ साली तो मक्केच्या यात्रेला जाताना कैरोत थांबला आणि तिथे त्याने इतके सोने वाटले, खर्चले की त्याचा भाव पडला. अल-उमरी हा लेखक बारा वर्षांनी लिहितो की एका मिस्कालला पंचवीस दिरहमच्या खाली सहसा न जाणारा भाव बाविसावर आला आणि अजून सावरलेला नाही. फिरणाऱ्या यादीतली गोष्ट इथेच संपते. पुढचे कोणी सांगत नाही: परतताना मुसाजवळचे पैसे संपले आणि कैरोच्या सावकारांकडून त्याला जबर व्याजाने कर्ज काढावे लागले.

आणि सोने कोणी काढले? बंबुक आणि बुरे या भागांतल्या लोकांनी, खड्डे खणून, माती धुऊन. अल-उमरीनेच नोंदवले आहे की या मुलखांवर थेट सत्ता आणि नवा धर्म लादला की सोने घटते, असा मालीच्या राजांचा अनुभव होता. म्हणून ते खंडणी घेऊन त्यांना त्यांच्या वाटेने जाऊ देत. यात्रेच्या तांड्यात गुलामही मोठ्या संख्येने होते. आपल्याकडे किल्ला राजाने 'बांधला' म्हणतात, तसेच हे सोने मुसाचे.

मग त्याचे उरले काय? १३७५च्या सुमारास मायोर्का बेटावर काढलेल्या नकाशात हातात सोन्याचा गोळा घेतलेला एक राजा उरला. आणि उरले टिंबक्टू. तिथली जिंगेरेबेर मशीद त्याने बांधवून घेतली. पुढच्या दोन-तीन शतकांत हे गाव विद्वानांचे झाले. घराघरांत हस्तलिखिते जमली: कायदा, व्याकरण, खगोलशास्त्र, वैद्यक.

इथे जर्मनीचा संबंध येतो. १८२०च्या दशकात बर्लिनमध्ये हेगेल विद्यार्थ्यांना शिकवत होता की आफ्रिकेला इतिहास असा नाहीच. त्याच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, १८५३ साली, हाइनरिश बार्थ हा हॅम्बुर्गचा माणूस वाळवंट ओलांडून टिंबक्टूला पोचला. अरबी उत्तम येत असल्यामुळे तो लोकांशी बोलला, आणि त्याच प्रवासात ग्वांडू इथे त्याला 'तारीख अस-सुदान' हा सतराव्या शतकातला इतिहासग्रंथ सापडला. (लेखकाचे नाव त्याने चुकीचे दिले, पण उतारे नीट उतरवून पाठवले.) म्हणजे ज्यांना इतिहास नाही त्यांनी तो आधीच लिहून ठेवला होता. तरीही बार्थला मायदेशात मनासारखी जागा मिळाली नाही. ४४व्या वर्षी तो गेला.

२०१२ साली सशस्त्र इस्लामी गटांनी टिंबक्टू घेतले आणि संतांच्या कबरी फोडल्या, तेव्हा गावातल्या लोकांनीच पेट्या भरभरून हस्तलिखिते बामाकोला पोचवली. पुढे त्यांच्या जतनाच्या कामाला हॅम्बुर्ग विद्यापीठानेही हात लावला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ही यादी पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो: बघा, आफ्रिकाही थोर होती. पण थोर का, तर श्रीमंत होती म्हणून! आमच्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करणारा मालीचा एक तरुण आहे. मन्सा मुसाचे नाव काढले की तो हसतो. म्हणतो, ''सातशे वर्षांपूर्वीच्या सोन्यामुळे लोक माझ्याशी दोन मिनिटे आदराने बोलतात.'' तोच मुलगा माझ्याबरोबर आपल्या गणेशोत्सवाला आला, तेव्हा मागच्या रांगेतून रंगावरून एक शेरा आला. मराठीत होता, म्हणून त्याला कळला नाही. मला कळला, आणि मी गप्प बसलो.

ज्या सभागृहात हे घडले तिथेच तासाभरापूर्वी एका वक्त्याने अभिमानाने सांगितले होते की जर्मनीत भारतीयांचा मध्यम पगार जर्मनांपेक्षा जास्त आहे. आकडा खरा आहे. पण आपली प्रतिष्ठा त्यावरच उभी असेल, तर भूमध्य समुद्रातून होडीने आलेल्या मालीच्या माणसाला आपण कोणत्या मापाने मोजणार? आणि उद्या आपले उद्योग मंदावले, ब्लू कार्डे कमी झाली, तर आपल्याला कोण कोणत्या मापाने मोजेल?

मराठी माणसाजवळ तर दुसरे माप घरातच आहे. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनला आला. १६००मध्ये अहमदनगर पडल्यावर निजामशाही त्याने सव्वीस वर्षे तगवली. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत पुढे स्वराज्याच्या महसुलालाही उपयोगी पडली. खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्याने डोंगराचे पाणी जमिनीखालून निव्वळ उताराच्या जोरावर आणले. ती नहर शतकानुशतके चालली. त्याची संपत्ती किती होती, हे कोणी विचारत नाही.

जहांगीरला त्याला हरवता आले नाही, म्हणून त्याने एक चित्र काढवून घेतले: भाल्यावर अंबरचे तोडलेले मस्तक आणि त्यावर बाण मारणारा बादशहा. आत्मचरित्रात तो अंबरला त्याच्या रंगावरूनच शिव्या घालतो. मागच्या रांगेतला शेरा त्याच जातीचा होता.

परवा जेवणाच्या सुट्टीत मी त्या तरुणाला अंबरची गोष्ट सांगितली; हातरुमालाच्या कागदावर नहर काढून दाखवली. त्याने विचारले, ''तुमच्या शाळेच्या पुस्तकात याच्यावर किती पाने होती?'' मला दोन-तीन ओळी आठवल्या. तो शेराही मग त्याला मराठीतून जर्मनमध्ये करून सांगितला. तो म्हणाला, सूर ऐकूनच त्याला तेव्हाच कळले होते.