आग्रहाची पंगत

पंगतीतला आग्रह हा आपण सद्गुण मानतो. आमचे म्हणणे असे, की सिलिॲक रोग जडलेल्या माणसापुढे केलेला आग्रह हा प्रेमाचा वेष घेतलेला निर्दयपणा होय.

गहू, जव यांतील ग्लुटेन पोटात गेले, की या रुग्णाची प्रतिकारशक्ती त्याच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारे अस्तर झिजते, रक्त कमी होते, मुलांची वाढ खुंटते. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात या रोगाचे गव्हाशी असलेले नाते मांडले. आजही जन्मभराचे पथ्य हाच उपाय आहे. ‘एवढ्याने काय होते?’ असे वाढपी विचारतो. एवढ्यानेच होते! बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. गव्हामागून त्याच गिरणीत दळलेली ज्वारीही बाधते.

आणि हे कोठे? बाजरी-ज्वारीच्या आपल्या नगर जिल्ह्यात! या धान्यांत ग्लुटेन मुळीच नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, बाजरी ‘श्रीअन्न’ ठरली. तरी लग्नाच्या जेवणात पुरीशेजारी भाकरी ठेवणे आपल्याला कमीपणाचे वाटते.

कोणी म्हणेल, ताट नाकारणे हा यजमानाचा अपमान आहे. या बोलामागचे दुःख आम्ही जाणतो. आपल्यापैकी अनेकांच्या आजा-पणजांच्या हातचे पाणीही गाव घेत नसे. म्हणून ‘चालत नाही’ हा शब्द जिव्हारी लागतो. परंतु विटाळ मानून ताट सारणारा आणि आजारामुळे हात आखडणारा, हे दोघे एक नव्हेत. ज्यांना गावाने पंगतीबाहेर ठेवले, त्यांनीच आपल्या लेकराला पंगतीत उपाशी बसवावे काय?

वेदीचे उदाहरण पाहा. मिस्साची भाकर गव्हाचीच हवी, ग्लुटेन पूर्णपणे काढलेली चालत नाही, हा ख्रिस्तसभेचा नियम कडक आहे. तरीही रोमने २००३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट केले, की अत्यल्प ग्लुटेनची भाकर चालते. तीही न सोसणाऱ्यास केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेता येतो. मुख्य चषकात भाकरीचा अंश टाकला जातो, म्हणून त्याच्यासाठी चषक तेवढा वेगळा ठेवावा लागतो. एवढ्या कडक नियमातून वेदी वाट काढते, आणि कसलाच नियम नसलेला आपला मांडव वाट अडवितो!

म्हणून आमची मागणी साधी आहे. लग्न असो, बाप्तिस्मा असो वा हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेतील जेवण असो, एक चूल, एक तवा, एक परात वेगळी ठेवा. ज्वारी निवडून घरच्या जात्यावर वा स्वच्छ चक्कीवर दळा. हिंगाविना वरण आणि साधा भात बाजूला काढा. त्यांचा डावही वेगळा असू द्या. कोणी घरून डबा आणला, तर त्याच्याकडे वाकड्या नजरेने पाहू नका; मुलगी असेल तर तिच्या लग्नाची चर्चा मांडू नका.

करिंथच्या मंडळीत काही जण तृप्त आणि काही जण भुकेले असत, म्हणून संत पौलाने त्यांना खडसावले आणि एकमेकांसाठी थांबायला सांगितले. आग्रह करायचाच असेल तर तो असा करा: त्या एका पानात भाकरी पडेपर्यंत पंगतीतल्या कोणीही घास उचलू नये.