वाघ दरवाजापेक्षा मोठा का नसावा?

गेल्या दिवाळीत साताऱ्यातील एका मंडळाच्या किल्ले स्पर्धेचे परीक्षण आमच्यापैकी एकाकडे आले. (हा लेख दोघांचा आहे, एक साताऱ्यात मराठी शिकवतो, दुसरा सांगलीत.) हातात छापील गुणपत्रिका होती: ऐतिहासिक अचूकता ४०, प्रमाणबद्धता ३०, माहितीफलक २०, सजावट १०. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या एका बोळात सहावीतल्या मुलाने विटा, गोणपाट आणि चिखल यांचा प्रतापगड उभा केला होता. अळीव चांगले उगवले होते. महाराज बालेकिल्ल्यावर होते, मावळे तटावर होते. मात्र गडाच्या पायथ्याशी चार अपरिचित आकृत्या उभ्या होत्या: एक गोट्यांची, एक पारदर्शक गोंदाची, एक तांबड्यापिवळ्या ज्वाळांची आणि चौथी कापसाची, आडवी पडलेली.

"हे कोण रे?"

"राखणदार आहेत, सर. हा मातीचा, हा पाण्याचा, हा जाळाचा. तो वाऱ्याचा, पण मगाशी पडला."

"इतिहासात आहेत का हे?"

"नाही, सर. पण गडाला लागतातच की."

अचूकतेच्या रकान्यात चाळीसपैकी आठ गुण पडले. पहिला क्रमांक मिळाला तो बाजारातून आणलेल्या प्लास्टरच्या तयार तटबंदीला आणि शेजारच्या फ्लेक्सवरील निर्दोष मजकुराला. गुण देणारा हात आमचाच होता. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते दुसऱ्या कुणावरचा आरोप म्हणून वाचू नये. तो आधी आमच्यावर आहे आणि मग आमच्यासारख्या सर्वांवर.

चौकशीअंती कळले, की या राखणदारांचे मूळ सांगलीत आहे. मुलाचा थोरला भाऊ तेथे शिकतो. तो आणि त्याचे मित्र रविवारी टेबलाभोवती बसून एक अद्भुतकथेचा खेळ खेळतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन या अमेरिकनांनी १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाने प्रसिद्ध केलेल्या खेळाचे हे कुळ. एकाने कथा सांगायची, बाकीच्यांनी त्यातील पात्रे व्हायचे, फाशांनी नशीब ठरवायचे आणि प्रसंग टेबलावर छोट्या आकृत्यांनी मांडायचा. त्यात माती, पाणी, अग्नी आणि वारा यांचे देहधारी जीव असतात. त्यांची कल्पना सोळाव्या शतकातील पॅरासेल्ससपर्यंत मागे जाते. प्रत्येक तत्त्वात त्याचे त्याचे जीव राहतात, असे या वैद्याने लिहिले होते.

विकतच्या आकृत्या महाग, म्हणून ही मुले त्या घरीच करतात. दुसऱ्या लेखकाने एक रविवार त्यांच्या खोलीवर घालवला. बैठकीसाठी बाटलीचे झाकण. मातीच्या जीवासाठी कृष्णाकाठचे गोटे एम-सीलने जोडायचे आणि सांध्यांवर वाळवलेला चहाचा चोथा चिकटवायचा. तो हुबेहूब भुसभुशीत मातीसारखा दिसतो. पाण्यासाठी तेल लावलेल्या प्लास्टिकवर ग्लू गनचा पारदर्शक गोंद ओघळू द्यायचा आणि थंड झाल्यावर तो तारेच्या सांगाड्यावर चढवायचा. जाळासाठी फेव्हिकॉलमध्ये भिजवलेला कापूस जिभांसारखा वर ओढायचा. रंगवताना नवशिके शेंडे पिवळे आणि बूड लाल करतात. या मुलांनी मेणबत्तीकडे नीट पाहिले होते: उजेड गाभ्यात असतो, म्हणून बुडाशी पिवळा, वर लाल आणि अगदी टोकाला काळा. वाऱ्यासाठी तारेचे वेटोळे, त्यावर पिंजलेला कापूस आणि तळाशी खरी धूळ, कारण वारा दिसतो तो धुळीमुळेच. प्रतिमा इंद्रियगोचर असावी, हे आम्ही काव्यशास्त्राच्या तासाला वर्षानुवर्षे सांगतो. ते येथे कुणी न सांगता चालले होते.

हे सारे आम्ही सहकाऱ्यांना सांगितले तेव्हा तीन आक्षेप आले. तिन्ही प्रतिष्ठित आहेत आणि तिन्ही आम्हांला चुकीचे वाटतात.

पहिला आक्षेप: हे परकीय आहे. खेळाचा साचा परकीय आहे, हे मान्य. पण देहधारी तत्त्वे परकीय कशी? आपण पंचमहाभूते म्हणतो. मूलतत्त्वाला आणि पछाडणाऱ्या जीवाला 'भूत' हा एकच शब्द वापरणाऱ्या भाषेच्या अध्यापकांनी ही कल्पना आयात केलेली मानावी, हे आश्चर्य आहे. आपल्या लोकमानसात पाण्याच्या आसरा आहेत. विहिरीच्या काठी, नदीच्या डोहाशी सात दगड मांडले, की सातीआसरा होतात. जाळाचा आग्यावेताळ आहे. शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा आहे. वावटळीत भूत असते, हे तर खेड्यातल्या प्रत्येक मुलाने ऐकलेले असते. चारही तत्त्वे हजर आहेत, आणि दगड मांडून, शेंदूर लावून हाताने घडवलेली आहेत. बेंदराला आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मातीचे बैल पुजले जातात, तेही याच जातीचे: मूठभर माती आणि तिच्यात मानलेला जीव.

खरी खंत वेगळीच आहे. ती मुले या जीवांविषयी इंग्रजीत बोलत होती. त्यांतला एक आमच्याच विद्याशाखेचा, मराठी घेऊन बी.ए. करणारा. आग्यावेताळ हा शब्द त्याने ऐकला होता, पण आपल्या टेबलावर उभा आहे तो तोच, हे त्याला सुचले नव्हते. कसे सुचणार? हे शब्द आमच्या अभ्यासक्रमात आलेच, तर 'लोकसाहित्य: श्रद्धा व समजुती' या प्रकरणात, टाचण लावलेल्या फुलपाखरांसारखे येतात. ज्यांच्याकडून काही नवे घडवता येईल अशी जिवंत सामग्री म्हणून ते कधी येत नाहीत. परकीयपणाचा दोष द्यायचाच, तर तो त्या खोलीला नव्हे, आमच्या वर्गाला द्यावा.

दुसरा आक्षेप समीक्षेचा: हे पलायन आहे. वास्तववाद ही मराठी साहित्याची मोठी कमाई आहे, आणि ग्रामीण व दलित साहित्याने तिला जे दिले त्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण या कमाईबरोबर एक आळसही आला. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या आपण कशा शिकवतो? कादंबरीचे बालपण म्हणून. मोठे झाल्यावर टाकून द्यायचे झबले म्हणून. भरताने विस्मय हा स्थायिभाव मानून अद्भुताला रसांत स्थान दिले, हे परीक्षेत लिहून घेतो आणि वर्गात विस्मयाची चेष्टा करतो.

सांगलीकरांनी तर ही चेष्टा मुळीच करू नये. मराठी रंगभूमी आपला जन्म १८४३ सालच्या 'सीता स्वयंवर'पासून मोजते, आणि ते सांगलीत झाले. विष्णुदास भावे यांच्या त्या परंपरेतील राक्षसांच्या आरोळ्यांवरून पुढच्या सुशिक्षितांनी त्या नाटकांना 'अललडुर्र' म्हणून हिणवले. याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. म्हणजे ज्यांना आपण मराठी नाटकाचे जनक म्हणतो, ते स्वतः लहान आकृत्या घडवणारे आणि राक्षस नाचवणारे गृहस्थ होते. ५ नोव्हेंबरला त्यांच्या प्रतिमेला हार घालायचा आणि त्याच गावातल्या मुलाने फेव्हिकॉलचा राक्षस केला, की 'हॅरी पॉटरी प्रकार' म्हणून नाक मुरडायचे, यात सुसंगती कोणती?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, कारण त्यामागे प्रेम आहे: किल्ला हा इतिहास आहे, त्यात भेसळ नको. २०२५ च्या जुलैमध्ये प्रतापगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, आणि अचूकतेचा हा आग्रह आणखी वाढला. अचूक प्रतिकृतींना आमचा विरोध नाही. त्या संग्रहालयात असाव्यात, शाळेत असाव्यात, आणि ज्या तरुणांना दरवाजे-बुरूज मोजून घ्यायचे आहेत त्यांनी जरूर मोजावेत. पण दिवाळीतला किल्ला प्रतिकृती कधी नव्हताच. आपापल्या लहानपणचे अंगण आठवून पाहावे. गुहेतला वाघ महादरवाजापेक्षा मोठा असे. तटावरचा मावळा आणि पायथ्याची गवळण यांचे माप कधी जुळत नसे. कुणाच्या तळ्यात प्लास्टिकचे बदक, कुणाच्या माचीवर विमान. किल्ल्यावर मांडायच्या या आकृत्यांना आपण 'चित्रे' म्हणत होतो, पुतळे नव्हे; आणि चित्राला आपल्या मापाचे स्वातंत्र्य असते. वाघ मोठा होता, कारण भीती मोठी होती. कवितेतल्या अतिशयोक्तीला अलंकार म्हणणाऱ्यांनी मातीतल्या अतिशयोक्तीला चूक म्हणू नये.

योगायोग असा, की त्या परदेशी खेळाचा उगमही याच बेमापपणात आहे. गायगॅक्स मंडळींनी सुरुवातीचे काही राक्षस हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांवरून कल्पिले. कुठलाच प्राणी वाटणार नाही अशी ती वेडीवाकडी खेळणी. त्यांतूनच लोखंड गंजवून खाणारा एक प्राणी जन्मला. त्याच्याही आधी, १९१३ मध्ये, एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम लिहिले होते. खेळणे आधी आणि त्याची कथा मागून, हा क्रम लज्जास्पद नाही. अंगणातल्या प्रत्येक किल्ल्याचा तोच क्रम असतो.

येथे एक कबुली आवश्यक आहे. 'पूर्वी सारे घरी करत, आता सारे विकत' हा सूर आम्हांला लावायचा नाही, कारण तो खोटा आहे. चित्रे तेव्हाही आम्ही कुंभाराकडून विकतच आणत होतो. फरक असा, की विकत आणलेल्या महाराजांसाठी डोंगर मात्र आपण करत होतो. कुठला कडा सरळ, कुठली वाट चोरटी, पाणी कुठे मुरेल, हे ठरवण्याचा अधिकार करणाऱ्याचा होता. तयार किल्ला आणला, की तो अधिकार जातो. आणि अचूकतेला चाळीस गुण ठेवले, की घरी केलेल्या किल्ल्यातूनही तो जातो. बाजार आणि परीक्षक दोघेही मुलाला एकच गोष्ट सांगतात: जग आधीच तयार आहे, तू फक्त मांड. त्या सहावीतल्या मुलाने हे ऐकले नव्हते. गडाला काय लागते, याविषयी त्याचे स्वतःचे मत होते.

आणखी एक प्रश्न कुणी विचारण्याआधी आम्हीच विचारतो. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात तुम्ही आसरा आणि आग्यावेताळ परत आणणार? ज्या माणसाचा २०१३ मध्ये विवेकासाठी खून झाला, त्याच्या गावात? होय, आणि विवेकाच्याच बाजूने. ज्या दगडाला शेंदूर कुणी लावला हे विसरले जाते, त्याचे भय वाटते. ज्या वेताळाचा कापूस आपण स्वतः पिंजला, ज्याची तार दोनदा मोडून पुन्हा वळवली, त्याच्यापुढे कुणी नवस बोलत नाही. भुते माणूस घडवतो, हे व्याख्यानाने पटते त्याहून अधिक घडवून पटते. चौथा राखणदार पडला तेव्हा तो मुलगा घाबरला नाही. बैठक हलकी झाली, एवढेच म्हणाला.

सांगलीच्या त्या खोलीत पाचवे झाकणही होते, रिकामे. खेळाच्या पुस्तकात तत्त्वे चारच. पण आपल्याकडे पाच, म्हणून त्या मराठीच्या विद्यार्थ्याने आकाशासाठी नुसती बैठक ठेवली होती. त्याच्या मित्रांनी त्या रिकाम्या जागेला काय करता येईल, याचे नियमही ठरवले होते: तिच्यावर शस्त्र चालत नाही, पण तिच्याशी बोलता येते, आणि बोललेले सर्वांना ऐकू जाते. शब्द हा आकाशाचा गुण, हे त्याने आमच्या तासाला ऐकले होते, की आजीकडून, हे आम्ही विचारले नाही. तासाला ऐकले असेल, तर आमची नोकरी अगदीच वाया गेलेली नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. किल्ले स्पर्धांच्या संयोजकांनी गुणपत्रिकेत 'स्वतः कल्पिलेले काय?' हा रकाना घालावा आणि त्याला निदान अचूकतेइतके गुण ठेवावेत. तयार तटबंदी वेगळ्या गटात ठेवावी. आणि मराठीच्या अध्यापकांनी अद्भुताचा तास एकदा तरी उलटा घ्यावा: आधी काहीतरी घडवायला सांगावे, मग त्याचे नाव मराठीत शोधायला लावावे, मग त्याची गोष्ट लिहून घ्यावी, आणि शेवटी भरताकडे जावे.

त्या मंडळाने येत्या दिवाळीसाठी पुन्हा बोलावले आहे. आम्ही जाऊ, पण गुणपत्रिका बदलून मिळाली तरच. न मिळाल्यास परीक्षक म्हणून जाणार नाही. त्या बोळात मात्र जाऊ. वाऱ्याच्या राखणदाराची बैठक जड कशी करायची, ते सांगलीच्या मुलांनी सांगितले आहे: झाकणात ओली वाळू भरायची आणि वरून एम-सील लावायचे.