एक दाणा, एक शिपाई



लढाईचा खेळ जगात नवा नाही. आपल्याकडचे चतुरंग म्हणजे हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या सैन्याचाच खेळ. 1824 साली प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे मांडून अधिकाऱ्यांना युद्ध शिकवण्याचा खेळ तयार केला. पुढे 1913 साली इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले आणि शिशाच्या छोट्या शिपायांचा हा खेळ सामान्य घरांत नेला. आज परदेशात पुष्कळ मोठी माणसे सुट्टीच्या दिवशी टेबलावर जुन्या लढाया मांडून, पट्टीने अंतर मोजून आणि फासे टाकून खेळतात.

या खेळात एक सोय केलेली असते. एक बाहुली म्हणजे 20, 30 किंवा 50 माणसे असे धरतात. तेवढ्या बाहुल्या विकत घेणे, रंगवणे आणि मांडणे परवडत नाही, म्हणून ही तडजोड. पण काही खेळाडू ही तडजोड मानत नाहीत. रणांगणावर जितकी माणसे होती तितक्याच बाहुल्या टेबलावर असल्या पाहिजेत, असा त्यांचा आग्रह असतो. त्यासाठी ते 6 मिलिमीटर, 3 मिलिमीटर, अगदी 2 मिलिमीटर उंचीचे शिपाई वापरतात. 6 मिलिमीटरचा शिपाई म्हणजे खऱ्या माणसाचा सुमारे तीनशेवा भाग. त्या हिशेबाने 300 मीटर जमीन एका मीटरमध्ये बसते.

हा श्रीमंतांचा चोचला आपण कशाला वाचायचा, असे कोणी म्हणेल. पण यात आपल्या कामाची एक मोठी गोष्ट आहे. ती म्हणजे माणसांचा हिशेब.

विल्यम सायबोर्न नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची हकीकत पाहा. 1815 सालच्या वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करण्याचे काम 1830 साली त्याच्याकडे आले. तो कित्येक महिने रणांगणावरच्या शेतघरात राहिला, जमीन मोजली, आणि हयात असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहून कोण कुठे उभे होते ते विचारले. 1838 साली लंडनमध्ये प्रतिकृती लोकांसमोर आली. तिच्यात 70 हजारांहून जास्त इवलेसे शिपाई होते. एक बाहुली म्हणजे दोन माणसे. पण इंग्रजांच्या मदतीला आलेले प्रशियन सैनिक त्यात फार ठळक दिसतात, त्याने विजयाचे श्रेय वाटले जाते, अशी वेलिंग्टनच्या बाजूची नाराजी होती. शेवटी सायबोर्नला बऱ्याच प्रशियन बाहुल्या काढून टाकाव्या लागल्या. ही प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमच्या संग्रहात आहे.

बंधूंनो, इतिहास कसा बदलतो ते यात दिसते. खोटे लिहावेच लागते असे नाही. टेबलावरून काही माणसे उचलली की काम भागते. आणखी एक बाब ध्यानात घ्या. सायबोर्नने पत्रे लिहिली ती अधिकाऱ्यांना. साध्या शिपायाला तू कुठे उभा होतास, असे कोण विचारणार?

आता आपल्या भीमा कोरेगावकडे या. 31 डिसेंबर 1817 रोजी संध्याकाळी कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून निघाली, रात्रभर चालली आणि 1 जानेवारी 1818 रोजी सकाळी कोरेगावला पोचली. एकूण माणसे सुमारे 834. त्यांत मुंबईच्या देशी पायदळाचे सुमारे 500 शिपाई होते. शिवाय घोडेस्वार होते, दोन तोफा होत्या आणि त्यांवर मद्रासचे 24 युरोपीय गोलंदाज होते. पलीकडे पेशव्याची फौज सुमारे 28 हजार, त्यांत 20 हजार घोडदळ. अन्नपाण्यावाचून दिवसभर लढाई चालली. स्टाँटनचे मारले गेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे 275 झाले. म्हणजे दर तिघांतला एक.

ही लढाई एकास तीस या सोयीने मांडली तर पायदळाच्या जागी सोळा-सतरा बाहुल्या येतील. जयस्तंभावर मारल्या गेलेल्या 49 जणांची नावे कोरलेली आहेत. त्यांतल्या 22 नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ते महार होते. एकास तीसच्या हिशेबात या 22 जणांची एक बाहुलीसुद्धा पुरी होत नाही. पैशांच्या हिशेबात पूर्णांक करताना सुटे पैसे सोडून देतात, तसे ते सुटून जातील. एकास एक मांडले तरच त्या 22 जणांना प्रत्येकी जागा मिळते.

पण हा हिशेब दोन्ही बाजूंनी खरा ठेवावा लागतो. भाषणांत आपण सहज म्हणतो, 500 महारांनी 28 हजारांना हरवले. एकास एक मांडणी करायला बसलात तर विचारावे लागते की कोण कुठे होता. पायदळात महारांचा भरणा मोठा होता, पण मराठे, मुसलमान आणि इतरही होते. 28 हजारांपैकी गावावर प्रत्यक्ष चालून आले ते साधारण दोन हजार. बाकीची फौज नदीच्या पलीकडे आणि आसपास होती. हे सांगितल्याने आपल्या पूर्वजांचे शौर्य तिळभरही कमी होत नाही. उपाशीतहानेल्या माणसांनी रात्रभर चालून दिवसभर गाव राखले, एवढेच पुरेसे आहे. दुसऱ्याने आपली माणसे टेबलावरून उचलू नयेत असे वाटत असेल, तर आपणही टेबलावर जास्तीची ठेवू नयेत. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 रोजी जयस्तंभाला गेले, ते स्वाभिमान जागवण्यासाठी. स्वाभिमानाला फुगवलेला आकडा लागत नाही.

धम्माच्या मार्गाने जाणाऱ्यांनी लढाई खेळावी का, हा प्रश्नही रास्त आहे. दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्तात खोट्या लढाया, सैन्याची मोजदाद आणि व्यूहरचना पाहणे यांपासून श्रमण गौतम दूर राहतात असे सांगितले आहे. त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे. मोबाइलवरच्या खेळात मुलगा तासाभरात शेकडो माणसे मारतो आणि एकही मोजत नाही. मोजायचे ते जिंकण्यासाठी नव्हे, तर मेलेला प्रत्येक जण माणूस होता हे कळण्यासाठी. सम्राट अशोकाने आपल्या तेराव्या शिलालेखात कलिंगच्या युद्धाचा आकडा स्वतः कोरून ठेवला: एक लाख मारले गेले, दीड लाख पकडून नेले, आणि त्याहून कितीतरी पट मेले. जिंकणाऱ्या राजाने हरलेल्यांचे मृत मोजले आणि त्याला पश्चात्ताप झाला.

शिशाचे शिपाई आपल्याला परवडणार नाहीत. पण घरात ज्वारी आहे. हजार दाण्यांचे वजन साधारण 30 ग्रॅम भरते. येत्या 1 जानेवारीपूर्वी विहारात मुलांना बसवा. जमिनीवर चादर अंथरा, खडूने नदी आणि गाव काढा. एक सेंटिमीटर म्हणजे तीन मीटर धरा. फूटपट्टीची लांबी म्हणजे त्या काळच्या बंदुकीचा टप्पा. 834 दाणे मुलांच्या हातून एकेक मोजून गावात ठेवा. हे काम एका मुठीचे आहे. पेशव्याच्या फौजेला किलोभर ज्वारी लागेल. मग 275 दाणे उचलून बाजूला काढा आणि त्यांतले 49 वेगळे ठेवा. पेशव्याकडचे मेलेले आणि जखमी 500 ते 600 असल्याचा अंदाज आहे. तेही उचला, कारण तीही गरिबांची लेकरे होती. शेवटी कलिंगच्या मृतांसाठी किती ज्वारी लागेल, ते मुलांनाच विचारा. उत्तर आहे तीन किलो. ते तोंडी सांगू नका, तराजूत घालून दाखवा.

मोजणी झाल्यावर सगळे दाणे वेचून, पाखडून दळणाला द्या. अन्न वाया जाऊ देऊ नका.

जय भीम! नमो बुद्धाय!