मशीन ठणठणीत, बॅटरी मेलेली : कॉर्डलेस हत्यारांच्या बॅटऱ्यांबाबत कारागिरांचे मागणीपत्र

प्रति,
कॉर्डलेस हत्यारांचे उत्पादक, आयातदार व वितरक;
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार;
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ

विषय : जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करून मिळाव्यात, नव्या वाजवी दरात मिळाव्यात याबाबत.

महोदय,

आम्ही सुतार, वायरमन, फॅब्रिकेटर, एसी आणि मॉड्युलर किचन बसवणारे अशा कारागिरांच्या संघटनेचे सभासद आहोत. आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या पेटीत किंवा माळ्यावर एखादे कॉर्डलेस ड्रिल सापडेल. त्याची मोटर, गिअर, चक सगळे ठणठणीत असते, पण बॅटरी चढत नाही म्हणून ते पडून असते. दुकानात चौकशी केली तर उत्तरे ठरलेली आहेत. "ते मॉडेल बंद झालं." "मागवावी लागेल, कधी येईल सांगता येत नाही." आणि शेवटी, "त्यापेक्षा नवा सेटच घ्या ना." दुकानदार लबाड आहे म्हणून हा सल्ला देत नाही. दोन बॅटऱ्या आणि चार्जर सुटे घेतले तर त्यांची किंमत पुष्कळदा नव्या संचाच्या जवळ जाते, हे त्यालाही दिसते. दोष दर ठरवणाऱ्याचा आहे.

बॅटरी झिजणार, हे आम्हाला मान्य आहे. ग्राइंडरची चकती झिजते, ड्रिलचे बिट बोथट होते, कार्बन ब्रश संपतात. त्याबद्दल आम्ही कधी अर्ज केला नाही. कार्बन संपले की कोपऱ्यावर मिळतात आणि चहा होईपर्यंत बसवून होतात. बॅटरीनेही याच रांगेत बसावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पॅकच्या आत काय असते हे आता गुपित नाही. १८ व्होल्टच्या लिथियम पॅकमध्ये ३.६ व्होल्टचे पाच सेल ओळीने जोडलेले असतात. चार-पाच अँपिअर-तासांच्या पॅकमध्ये बहुधा अशा पाच जोड्या, म्हणजे दहा सेल. '२१ व्होल्ट' लिहिलेला पॅकही आतून तोच. पूर्ण चढलेल्या सेलचे ४.२ व्होल्ट पाचने गुणले की २१ होतात. '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' अशी लेबले लावून विकले जाणारे स्वस्त पॅक उघडून पाहिले तर तिथेही बहुतेक वेळा पाच सेलच निघतात. पहिली मागणी इथूनच निघते : पॅकवर खरे सरासरी व्होल्ट, अँपिअर-तास आणि वॅट-तास छापा, आणि सेल कोणत्या महिन्यात बनले ते साध्या आकड्यांत छापा. आज ती तारीख संकेतांकात लपलेली असते. लिथियम सेल वापरला नाही तरी म्हातारा होतो, आणि उन्हाळ्यात पत्र्याखालच्या गोदामात पूर्ण चढवून ठेवला तर लवकर होतो. त्यामुळे सीलबंद, कोरा म्हणून घेतलेला पॅक आमच्या हाती येतो तेव्हा त्याचे बरेच आयुष्य सरलेले असू शकते, आणि ते आम्हाला कळायला मार्ग नसतो.

दुसरी मागणी कुलपाची. पाच जोड्यांपैकी एक कमजोर झाली की आतले सर्किट अख्खा पॅक बंद करते. ते योग्यच आहे, नाहीतर आग लागेल. पण काही पॅकचे सर्किट एकदा बंद पडले की सगळे सेल नवे घातले तरी उघडत नाही. हे संरक्षण नव्हे, ही अडवणूक आहे. सेल बदलून, तोलून, तपासून झाल्यावर ते कुलूप उघडण्याची रीत आणि साधन नोंदणीकृत दुरुस्तीवाल्याला मिळाले पाहिजे. कोणता सेल पडला हे सांगणारी माहितीही त्याला वाचता आली पाहिजे.

आता दुरुस्तीवाल्यांबद्दल. पुण्याच्या तापकीर गल्लीच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, आणि आता तालुक्याच्या गावीही सेल बदलून देणारे आहेत. त्यांतले काही उत्तम आहेत : दहाही सेल एकाच कंपनीचे, एकाच लॉटचे घेतात, व्होल्टेज जुळवतात, शुद्ध निकेलच्या पट्टीवर स्पॉट मारतात. काही जण मात्र जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल काढून घालतात. लॅपटॉपचा सेल चार-पाच अँपिअरवर दमतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर सेलकडून वीस अँपिअरपर्यंत ओढतो. तो पॅक तापणारच. बाजारात '९९०० एमएएच' छापलेले १८६५० सेलही मिळतात. या मापाच्या सेलमध्ये ३५००च्या आसपास मर्यादा येते, बाकीचे सगळे शाईचे असते.

हे लिहिताना आम्ही आमच्याच सभासदांचीही बाजू घेत नाही. मेलेल्या पॅकला दुसऱ्या चढलेल्या पॅकच्या वायरी लावून 'झटका' देण्याची पद्धत साइटवर सर्रास आहे. थोडा खाली गेलेला पॅक त्याने कधी कधी उठतो, हे खरे. पण दोन व्होल्टच्या खाली जाऊन बराच काळ पडलेल्या सेलमध्ये तांबे विरघळून नंतर आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. असा पॅक उठला, तर तो साइटवर नव्हे, रात्री घरात चार्जिंगला लावलेला असताना पेटण्याची भीती असते. जुन्या निकेल-कॅडमियम पॅकच्या कवचात लिथियम सेल घालून तोच जुना चार्जर लावणे हाही तसलाच जिवावरचा प्रकार. हे सभासदांनी थांबवावे, असा ठराव आम्ही केलेला आहे. मात्र सुरक्षित रस्ता बंद असेल तर लोक असुरक्षित रस्त्यानेच जाणार, हे कंपन्यांनीही समजून घ्यावे.

म्हणून तिसरी मागणी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची : गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला कायद्याच्या आत घ्या. ऑगस्ट २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत बॅटरीचे नूतनीकरण करणाऱ्याला स्थान आहे; त्याने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची आहे. पण हा नियम लिहिताना डोळ्यांसमोर कारखाना असावा, आठ बाय दहाचा गाळा नसावा. मंडळाने छोट्या दुरुस्तीवाल्यांसाठी सोपी, मराठीतली, परवडणारी नोंदणी सुरू करावी. आयटीआयमध्ये पॅक दुरुस्तीचा लघु अभ्यासक्रम हवा. आणि आयएस १६०४६ प्रमाणे नोंदणी असलेले, जास्त अँपिअर झेलणारे सुटे सेल या नोंदणीकृत माणसाला अधिकृत वितरकाकडून पक्क्या बिलावर मिळाले पाहिजेत. खरा सेल बिलावर मिळाला तर खोटा कोण घेईल?

सुट्या बॅटरीबाबत आमचे मागणे असे : मॉडेलची विक्री थांबल्यावर किमान सात वर्षे त्याची बॅटरी आणि चार्जर मिळावेत, दर संकेतस्थळावर जाहीर असावा. युरोपीय संघाने २०२३च्या बॅटरी नियमावलीत पाच वर्षे ठरवली आहेत. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे सुटी बॅटरी वाजवी दरात द्यावी लागेल आणि सॉफ्टवेअरने दुसरी जुळणारी बॅटरी अडवता येणार नाही. तिथे विकणाऱ्या कंपन्याच इथेही विकतात. आम्ही दोन वर्षे जास्त मागतो, कारण इथे मशीन बापाकडून मुलाकडे जाते.

१२ आणि १४.४ व्होल्टच्या जुन्या निकेल-कॅडमियम मशीनसाठी कंपनीने स्वतःचा लिथियम पॅक योग्य चार्जरसह द्यावा, नाहीतर मशीन परत घेऊन नव्यावर सूट द्यावी. कॅडमियम विषारी आहे. युरोपात कॉर्डलेस हत्यारांसाठी त्या बॅटऱ्यांची विक्री २०१६अखेर थांबवली गेली. आपल्याकडे त्या भंगारवाल्याच्या पोत्यात जातात. २०२२च्या नियमांनी मेलेल्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर, आयातदारावरही टाकली आहे आणि परत-खरेदीची वाट मोकळी ठेवली आहे. तेव्हा बॅटरी विकणाऱ्या प्रत्येक काउंटरवर जुनी बॅटरी घेण्याची पेटी आणि परत करणाऱ्याला ठरलेली रक्कम, हे दोन्ही हवे. फुकट कोणी आणून देणार नाही.

एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसावी, हे आज आम्ही मागत नाही. ते अशक्य नाही. २०१८ साली जर्मनीत मेटाबोच्या पुढाकाराने अनेक उत्पादक एका १८ व्होल्ट पॅकवर एकत्र आले. पण निदान एकाच कंपनीने दर दोन-तीन वर्षांनी खाच बदलू नये.

ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे धरली. कारागिराचे मशीन त्यात स्वतंत्रपणे नाही. ते घ्यावे. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुताराला हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य एकदा मिळते. बॅटरी मात्र पुन्हा पुन्हा लागते.

या पत्राला ६० दिवसांत लेखी उत्तर मिळावे आणि तिन्ही पक्षांची एकत्र बैठक बोलवावी. जी कंपनी उत्तर देणार नाही, तिचे नवे कॉर्डलेस मशीन घेऊ नये, असे आम्ही आमच्या सभासदांना सांगणार आहोत.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद